एकाच मागाचा आवाज : हाताच्या स्नायूतून मानेतल्या पेशीपर्यंत पोहोचलेले एक प्रकरण

(रुग्णाच्या आणि त्याच्या वडिलांच्या संमतीने लिहिले आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

पार्श्वभूमी

मुलगा एकोणीस वर्षांचा. सोलापूरच्या पूर्व भागात राहणारा, अक्कलकोट रोडवरच्या एका टॉवेलच्या कारखान्यात मागावर काम करणारा. वडील त्याच धंद्यातले, आई घरी विड्या वळते. घरात तेलुगू, कारखान्यात मराठी, आणि दोन्हींची सरमिसळ झालेली सोलापुरी बोली दवाखान्यात.

तक्रार उजव्या हाताची होती. धागा तुटला की माग थांबवायचा, दोन टोके शोधायची आणि चिमटीत धरून गाठ मारायची, हे काम तो पंधराव्या वर्षापासून करत होता. आदल्या वर्षीच्या दिवाळीपासून ही गाठ सुटू लागली. बोटे थरथरायची, करंगळी बाजूला पडायची. थंडीत तर हात कामातूनच जायचा. आमच्याकडे थंडी म्हणजे जानेवारीतले थोडे दिवस, गड्ड्याच्या यात्रेच्या आसपासचे. त्या वर्षी संक्रांतीच्या दिवशी नंदीध्वजांच्या मिरवणुकीला निघताना त्याला पांढऱ्या सदऱ्याची बटणे लावता आली नाहीत. आईने लावून दिली. तोवर घरच्यांना हा कामाचा शीण वाटत होता. एकोणीस वर्षांच्या मुलाची बटणे लावताना आईला खरी काळजी वाटली.

घराजवळच्या डॉक्टरांनी आधी कुष्ठरोगाचा विचार केला. अंगावर चट्टे आहेत का ते पाहिले, कोपरामागची अल्नार नस चाचपली, कापसाच्या बोळ्याने संवेदना तपासल्या. हाताचा पंजा सुकलेला दिसला की आपल्याकडे हे तपासायलाच हवे, आणि त्यांनी ते नीट तपासले होते. चट्टे नव्हते, नस जाड नव्हती, संवेदना शाबूत होती. मग त्यांनी मुलाला नसांच्या तपासणीसाठी दुसरीकडे पाठवले.

अडचण

नसा आणि स्नायूंची विद्युत तपासणी हे माझेही काम, पण ही पहिली तपासणी माझ्याकडे झालेली नाही. तिचा कागद घेऊन तो माझ्याकडे आला तेव्हा सोबत शस्त्रक्रियेची तारीखही होती. कागदावर निदान होते : कोपराजवळ अल्नार नस दबली आहे.

तपासणी फक्त नर्व्ह कंडक्शनची होती. म्हणजे नसेला कातडीवरून विजेचा छोटा झटका द्यायचा आणि स्नायूवर चिकटवलेल्या पत्रीने प्रतिसाद मोजायचा. सुई घातलेली नव्हती. मुलगा सुईला घाबरला आणि आग्रह कोणी केला नाही, असे वडिलांनी सांगितले.

मी तो कागद दोनदा वाचला. करंगळीच्या बाजूच्या स्नायूचा प्रतिसाद फार कमी होता, तेवढ्यावर नस दबल्याचा निष्कर्ष काढला होता. पण त्याच नसेचा संवेदनेचा प्रतिसाद पूर्ण नॉर्मल होता, आणि कोपराच्या वर-खाली वेगात काहीच फरक नव्हता. अल्नार ही मिश्र नस आहे. तिच्यात हालचालीचे तंतू असतात तसेच संवेदनेचेही. कोपराजवळ नस इतकी दबली असेल की स्नायू वाळला, तर करंगळीला बधिरपणा यायला हवा आणि संवेदनेचा प्रतिसादही पडायला हवा. इथे फक्त हालचालीची बाजू गेली होती. असे साधारणपणे तेव्हा होते जेव्हा बिघाड नसेच्याही मागे, मज्जारज्जूतल्या पेशीत असतो.

कोपराची शस्त्रक्रिया झाली असती तर मुलाचे दोन-तीन महिने बुडाले असते आणि हात तसाच राहिला असता. पण ‘करू नका’ म्हणायचे तर खरे कारण कुठे आहे ते दाखवायला हवे होते.

सुई नेमके काय ऐकते

पुढचे सगळे निर्णय यावर उभे आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

मज्जारज्जूच्या पुढच्या भागात, ज्याला अग्रशृंग म्हणतात तिथे, हालचालीच्या चेतापेशी असतात. एका पेशीतून एक लांब तंतू निघतो, नसेतून स्नायूपर्यंत जातो, तिथे त्याला फाटे फुटतात आणि तो अनेक स्नायुतंतूंना जोडला जातो. पंजातल्या छोट्या स्नायूत एका पेशीच्या ताब्यात काही शे स्नायुतंतू असतात, पोटरीत हजारावर. ती पेशी आणि तिचे सगळे तंतू मिळून मोटर युनिट. लिडेल आणि शेरिंग्टन यांनी १९२५ साली हा शब्द रूढ केला.

पेशी एकदा पेटली की तिचे सगळे तंतू एकदम पेटतात. त्यामुळे स्नायूत जे विजेचे शिखर उमटते ते पेशीच्या ठोक्याची मोठी केलेली प्रतच असते. जिवंत माणसाच्या मज्जारज्जूत सुई घालून एकेक पेशी ऐकणे दवाखान्यात शक्य नाही. पण तीच पेशी तळहाताजवळच्या स्नायूत, मानेपासून दोन-अडीच फुटांवर, स्वतः बोलत असते. १९२९ साली केंब्रिजमध्ये एड्रियन आणि ब्रॉंक यांनी पोकळ सुईत बारीक तार बसवून अशी नोंद घेतली आणि ती लाउडस्पीकरवर ऐकली. आज आम्ही वापरतो ती कॉन्सेंट्रिक सुई त्याच घडणीची आहे. नोंद घेणारे तिचे टोक साधारण ०.०७ चौरस मिलिमीटर असते. इतक्या छोट्या जागेमुळेच शेजारच्या गोंगाटातून एक युनिट वेगळे काढता येते. कातडीवरची पत्री अख्ख्या स्नायूची बेरीज सांगते, सुई त्यातला एकेक आवाज सांगते. संशोधनशाळांत तर अनेक संपर्कबिंदू असलेले बारीक इलेक्ट्रोड स्नायूत ठेवून एकाच वेळी कित्येक पेशींचे ठोके सुटे केले जातात. आमच्या कामाला एक सुई पुरते, मात्र ती कुठे घालायची ते आधी ठरलेले असावे लागते.

नॉर्मल स्नायूत हलका जोर लावला की एक युनिट सेकंदाला पाच-सात वेळा ठोकू लागते. जोर वाढला की ते वेग वाढवते, आणि दहाच्या आसपास पोहोचते तोवर दुसरे येऊन मिळते, मग तिसरे. पूर्ण जोरात इतकी युनिट्स एकत्र येतात की पडद्यावर कोणतेच वेगळे ओळखू येत नाही. पेशी मेल्या असतील तर मदतीला येणारे उरत नाही. उरलेले एकच युनिट वीस-पंचवीसच्या वेगाने एकटे धावते. शिवाय मेलेल्या पेशीच्या पोरक्या तंतूंना उरलेल्या पेशी फाटे फोडून आपल्यात घेतात, म्हणून उरलेली युनिट्स आकाराने मोठी होत जातात. दोन माग सांभाळणारा कामगार शेजारचा माणूस गेल्यावर चार माग सांभाळू लागतो, तसे.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय सरळ होता. आधीचा अहवाल मान्य करायचा आणि शस्त्रक्रिया होऊ द्यायची. तो मी लगेच सोडला.

दुसरा, सुई न घालता थेट मानेचा एमआरआय सांगायचा. वडिलांना हाच बरा वाटत होता, कारण एमआरआय ही ‘मोठी तपासणी’ असा सर्वसाधारण समज आहे. पण कोणती पातळी, कोणती बाजू, काय शोधायचे हे ठरवल्याशिवाय काढलेला एमआरआय अनेकदा काहीच सांगत नाही. या प्रकरणात तेही पुढे घडलेच, त्याबद्दल खाली लिहिले आहे.

तिसरा, सुईची तपासणी. आणि यातच खरा निर्णय दडलेला होता : किती स्नायू? फक्त आजारी हाताचे दोन-तीन स्नायू तपासून पेशींचे नुकसान सिद्ध झाले असते. पण एकोणीस वर्षांच्या मुलाच्या अग्रशृंग पेशी मरत असतील तर पुढचा प्रश्न असा येतो की बिघाड मानेच्या एका भागापुरता आहे की सर्वदूर पसरलेला. पसरलेला असेल तर तो एएलएससारखा, सर्वदूरच्या हालचालीच्या पेशी मारत जाणारा घातक आजार. ते ठरवायला पाय आणि पाठही तपासावी लागते. दुखतोय हात आणि डॉक्टर पायात सुई घालतात, हे रुग्णाला समजावणे सोपे नसते.

माझ्या मनात असलेल्या शक्यता अशा होत्या. मानेतून निघणाऱ्या नसेची मुळे दबणे. छातीच्या वरच्या तोंडाशी जादा बरगडीने नस दबणे. मल्टिफोकल मोटर न्यूरोपथी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या गडबडीने फक्त हालचालीच्या नसा अडणे. ती औषधाने सुधारते म्हणून चुकवता कामा नये. एएलएस. आणि हिरायामा आजार.

हिरायामा यांनी जपानमध्ये १९५९ साली याचे वर्णन केले. किशोरवयाच्या शेवटी किंवा विशीच्या सुरुवातीला, बहुतेक मुलांमध्ये, एका हाताचा पंजा आणि पुढचा हात हळूहळू वाळतो. थंडीत जोर आणखी पडतो. संवेदना शाबूत राहते. भारतात हे रुग्ण कमी नाहीत. बंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू व मज्जासंस्थेच्या संस्थेतून डॉ. गौरीदेवी आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये अशा रुग्णांचे वर्णन मोनोमेलिक अमायोट्रॉफी या नावाने केले. संक्रांतीच्या बटणांची गोष्ट ऐकली तेव्हाच हे नाव माझ्या डोक्यात आले होते. पण डोक्यात आलेले नाव फार पकडून ठेवू नये. सुई मग तेच शोधत जाते.

काय केले

जानेवारीची सकाळ होती. मुलाचे हात गार होते, म्हणून आधी कोमट पाण्यात ठेवून गरम केले. गार हातावर नसेचा वेग खोटा कमी येतो. मग नर्व्ह कंडक्शन पुन्हा केले. उजव्या करंगळीच्या बाजूच्या स्नायूचा प्रतिसाद २.१ मिलिव्होल्ट आला, अंगठ्याच्या बाजूचा ६.८. हा फरक बोलका होता. एएलएसमध्ये सहसा उलटे दिसते, अंगठ्याची बाजू आधी वाळते आणि करंगळीची त्या मानाने टिकते. नस कुठेही अडलेली नव्हती, म्हणजे मल्टिफोकल न्यूरोपथीची शक्यता मागे पडली. संवेदनेचे प्रतिसाद उत्तम होते.

मग मी त्याला कारखान्यातून आणलेला धागा दिला आणि एका मिनिटात जेवढ्या जमतील तेवढ्या गाठी मारायला सांगितल्या. गरम हाताने अकरा झाल्या. नळाच्या गार पाण्याखाली काही मिनिटे हात धरल्यावर चार. हे कोणत्या पुस्तकातले माप नाही, पण त्याच्या जगण्याचे ते खरे माप होते आणि ते मी केसपेपरवर लिहून ठेवले.

सुईला तो घाबरलेला होताच. सुई त्याच्यापुढेच पाकिटातून काढली, ती एकदाच वापरायची असते हे सांगितले आणि स्पीकरचा आवाज मोठा ठेवला. माझा अनुभव असा की रुग्णाला ऐकायला काही मिळाले की टोचणे थोडे मागे पडते. अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यात जो छोटा फुगीर स्नायू असतो, त्याच्या तिथे खळगा पडला होता. तिथे सुई घातली. हात सैल असताना स्पीकरवर बारीक टपटप सुरू झाली, पत्र्यावर पावसाचे मोजके थेंब पडावेत तशी. ही फिब्रिलेशन्स. पेशीपासून तुटलेले स्नायुतंतू आपोआप पेटत राहतात त्याची ही खूण. नस तुटल्यावर ती दिसायला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून फार लवकर केलेली सुई-तपासणी फसवी नॉर्मल येऊ शकते. इथे आजार वर्षभराहून जुना होता, ती अडचण नव्हती.

मग त्याला तर्जनी बाजूला रेटायला सांगितले. एकच मोठे शिखर आले. साधारण सात मिलिव्होल्ट उंच, नेहमीपेक्षा रुंद. जोर वाढवला तसे तेच शिखर वेगाने येऊ लागले. सेकंदाला बारा, सोळा, बावीस. दुसरे येईचना.

मुलगा मान वळवून स्पीकरकडे बघत होता. म्हणाला, “ओ मॅडम, हे आवाज माझ्या हातातून येलालाय काय?”

मी हो म्हटले.

“हा एकाच मागाचा आवाज आहे बघा. सुट्टीच्या दिवशी जॉबर दुरुस्तीला एकच माग चालवतो, सगळी शेड बंद असते, तसा.”

मग मी तीच सुई त्याच्या दंडात, बायसेप्समध्ये घातली आणि कोपर वाकवायला सांगितले. भरल्या पाळीचा गदारोळ उमटला, एक आवाज दुसऱ्यापासून वेगळा ओळखू येईना. तो म्हणाला, “आता चालू झाला कारखाना.” ‘रिक्रूटमेंट’, म्हणजे एकामागून एक युनिट्स मदतीला येणे, शिकवताना मी विद्यार्थ्यांना बरेच काही सांगत आले होते. त्या दिवसापासून हेच सांगते.

पुढे बोटे उघडणारा स्नायू आणि ट्रायसेप्स पाहिले, दोन्हींत मोठी युनिट्स होती. पण ब्रॅकिओरेडियालिस, म्हणजे पुढच्या हाताच्या अंगठ्याकडच्या कडेचा स्नायू, नॉर्मल होता. खांदा नॉर्मल. म्हणजे नुकसान मज्जारज्जूच्या सी-७, सी-८ आणि टी-१ या, मानेच्या तळाशी असलेल्या पातळ्यांवर, त्याच्या वर काही नाही. हिरायामाची ठेवण हीच. मग त्याला कारण सांगून पाठीच्या छातीमागच्या भागात आणि उजव्या पायात सुई घातली. तिथे शांत, नीट. त्या दोन टोचण्यांनी एएलएसची शक्यता फार मागे गेली.

डावा हात मी त्या दिवशी तपासला नाही. आठ स्नायू झाले होते, मुलगा घामाघूम झाला होता, आणि डाव्या हाताची तक्रार नव्हती. इथे मी थांबले.

माझा अहवाल आणि वाया गेलेले सात आठवडे

अहवालात मी लिहिले : ‘उजव्या बाजूला सी-७ ते टी-१ पातळीवर मोटर न्यूरॉनचे जुने व चालू नुकसान. हिरायामा आजाराची शक्यता. मानेचा एमआरआय करावा.’ वाचायला हा अहवाल बरोबर वाटतो. त्यात दोन चुका होत्या आणि दोन्ही माझ्या.

पहिली चूक शब्दांची. ‘मोटर न्यूरॉन’ हे शब्द घरातल्या एका भावाने मोबाइलवर टाकले आणि पहिला निकाल आला तो मोटर न्यूरॉन डिसीजचा, म्हणजे एएलएससारख्या घातक आजाराचा. चौथ्या दिवशी वडील एकटेच आले. दारात उभे राहिले, बसायला तयार नव्हते. म्हणाले, “मॅडम, पोराला सांगू नका. मला सांगा, किती वर्षं?” मी त्यांना बसवले, पाण्याचा ग्लास दिला आणि सुरुवातीपासून सांगितले. पण ते चार दिवस त्या घराने कसे काढले असतील ते मला भरून देता येणार नाही. आईने विड्या वळणे बंद केले होते. आजार पसरणारा नाही आणि जीव घेणारा नाही, हे तपासणीच्या टेबलावरच मला बऱ्यापैकी दिसले होते. ते त्याच खोलीत, त्याच वेळी बोलायला हवे होते. ‘डॉक्टर समजावून सांगतील’ म्हणून मी ते पुढे ढकलले.

दुसरी चूक एका ओळीची. हिरायामा आजारात मान सरळ असताना एमआरआय जवळजवळ नॉर्मल असू शकतो. बिघाड मान वाकवल्यावर घडतो. मज्जारज्जूभोवतीचे कठीण आवरण काही मुलांत पाठीच्या कण्याच्या वाढीच्या मानाने तोकडे राहते असे मानले जाते. मान पुढे वाकली की ते ताणले जाऊन मागून पुढे सरकते आणि मज्जारज्जूला मणक्याच्या मागच्या बाजूवर दाबते. वर्षानुवर्षे, दिवसातून शेकडो वेळा असे झाले की अग्रशृंगातल्या पेशींचा रक्तपुरवठा मार खातो आणि त्या मरतात. म्हणून एमआरआय मान वाकवून काढावा लागतो. अहवालात मी ते लिहिले नाही. मला ते इतके उघड वाटत होते की लिहावेसेच वाटले नाही.

एमआरआय नेहमीसारखा, उताणे झोपवून, मान सरळ ठेवून झाला. अहवाल आला : विशेष दोष नाही. घरच्यांनी सुटकेचा श्वास टाकला आणि मुलगा पुन्हा मागावर गेला, मान वाकवून धागे जोडायला. सात आठवडे तो माझ्याकडे आला नाही. मार्चमध्ये मी जुने कागद चाळताना त्याचा एमआरआय आला का ते पाहायला फोन केला, तेव्हा हे कळले.

दुसरा टप्पा

मी त्याला परत बोलावले आणि आधी डावा हात तपासला. बेचक्यातल्या स्नायूत चार-पाच मिलिव्होल्टची, म्हणजे नेहमीपेक्षा मोठी युनिट्स होती. फिब्रिलेशन्स नव्हती, जोरही चांगला होता. पण नुकसान तिथेही सुरू झालेले होते, मुलाला अजून कळले नव्हते एवढेच. जानेवारीत ही सुई घातली असती तर मी इतकी निवांत राहिले नसते.

मान वाकवून एमआरआय करायचा तर केंद्रातल्या तंत्रज्ञाला तशी सवय नव्हती. फोनवर सांगून भागणार नाही हे ओळखून मी स्वतः गेले. डोक्याखाली ठेवायला योग्य उंचीची पाचर मिळेना. शेवटी मुलाच्या वडिलांनी पिशवीतून आणलेली सोलापुरी चादर काढली. ती घट्ट घडी करून डोक्याखाली दिली, हनुवटी छातीकडे जाईल एवढी. सुती कापड, त्यात धातूचा तुकडा नाही, म्हणून आत न्यायला हरकत नव्हती. कॉन्ट्रास्ट, म्हणजे शिरा उठून दिसाव्यात यासाठीचे औषध, देऊन पुन्हा चित्रे घेतली.

चित्र स्वच्छ होते. मागचे आवरण पुढे सरकलेले, मज्जारज्जू सी-६, सी-७च्या मागे चपटा झालेला, आणि आवरणामागे रिकाम्या झालेल्या जागेत फुगलेल्या शिरांची चंद्रकोर चमकत होती. सरळ मानेच्या चित्रात यातले काहीच नव्हते. वडिलांना मी दोन्ही चित्रे शेजारी लावून दाखवली. ते बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, “म्हणजे मान वाकवली की चिमटतंय.” यापेक्षा चांगले वाक्य माझ्या अहवालात नव्हते.

आता उपचाराचे पर्याय. गळपट्टा, म्हणजे मान पुढे वाकू न देणारी कॉलर, तीन-चार वर्षे किंवा आजार थांबेपर्यंत. दुसरा, मानेची शस्त्रक्रिया करून ते मणके जोडून टाकणे. तिसरा, वाट पाहणे, कारण हा आजार बहुतेकांत काही वर्षे वाढून आपोआप थांबतो. न्यूरोसर्जनशी बोलून, डावा हात नुकताच धरला आहे हे लक्षात घेऊन, आम्ही कॉलरने सुरुवात करायचे ठरवले. सहा महिन्यांत वाढ दिसली तर शस्त्रक्रियेचा विचार. वाट पाहणे मला मान्य नव्हते. डाव्या हातातल्या पेशी अजून बऱ्याच शिल्लक होत्या आणि त्या वाचवण्यासारख्या होत्या.

कॉलर सांगणे सोपे, सोलापुरात एप्रिल-मेमध्ये घालणे अवघड. पारा चाळिशीच्या वर, शेडमध्ये पत्रा तापलेला. दुसऱ्याच आठवड्यात मानेवर घामोळे उठले आणि मुलाने कॉलर खुंटीला टांगली. फिजिओथेरपीच्या मुलीने हे माझ्या लक्षात आणून दिले. उपाय आईने काढला. कारखान्यातल्या टॉवेलच्या तुकड्यांची खोळ शिवली, कॉलरवर चढवायची आणि घाम आला की बदलायची. पाच खोळी शिवल्या. शिवाय आम्ही ठरवले की रात्री नको, मान वाकते त्या प्रत्येक कामात हवी : माग, जेवण, मोबाइल.

कामाचे मालकाशी बोलणे वडिलांनीच केले. मी चिठ्ठी दिली, तीत आजाराचे नाव लिहिले नाही, ‘मान वाकवून करायचे काम देऊ नये’ एवढेच लिहिले. महिन्याभराने मुलाला टॉवेल तपासायच्या कामावर घेतले. तिथले टेबल विटांवर चढवून छातीच्या उंचीला आणले. पगार थोडा कमी झाला.

निष्पत्ती

सहा महिन्यांनी उजव्या करंगळीच्या बाजूचा प्रतिसाद २.० मिलिव्होल्ट होता. जवळजवळ तोच. डावा हात जसाच्या तसा. अठरा महिन्यांनी पुन्हा सुई घातली, या वेळी दोन्ही हातांत. उजव्या बेचक्यातली टपटप थांबली होती. मोठे शिखर तसेच होते, एकटे. गरम हाताने गाठी तेरा झाल्या, गार हाताने सहा. सुकलेला स्नायू भरून आला नाही आणि येणारही नाही, पण उरलेल्याने काम कसे करायचे ते बोटे शिकली. आजार आपोआप थांबला की कॉलरमुळे थांबला, हे एका रुग्णावरून सांगता येत नाही आणि मी तसे सांगतही नाही. डाव्या हाताच्या गाठी मात्र तो आज पूर्वीइतक्याच मारतो.

वेगळे काय करता आले असते

नर्व्ह कंडक्शनवर थांबून शस्त्रक्रियेची तारीख देणे हे पहिले वळण. रुग्ण सुईला नको म्हणाला तर त्याच्याशी दहा मिनिटे बोलावे. संवेदनेचा नॉर्मल आकडा त्याच कागदावर होता, तो वाचला असता तरी पुरले असते.

दुसरे वळण माझे. तक्रार एका हाताची असली तरी अग्रशृंगाचा संशय आला की दुसऱ्या हाताचा निदान एक स्नायू त्याच बैठकीत तपासायचा. मी आता तो पहिल्या चार स्नायूंतच घेते, शेवटी उरला तर असे ठेवत नाही, कारण शेवटी रुग्ण थकलेला असतो आणि आपणही.

तिसरे, एमआरआयच्या चिठ्ठीवर मी आता मोठ्या अक्षरात लिहिते : मान सरळ आणि मान वाकवून, दोन्ही. केंद्रातल्या तंत्रज्ञानेही चादरीची घडी लक्षात ठेवली आहे. त्यानंतर आणखी दोन मुलांचे चित्र त्याने तशीच घडी देऊन काढले, मला जावे लागले नाही.

चौथे, अहवालाची भाषा. मोटर न्यूरॉन हा शब्द टाळता येत नाही, पण त्याच्याच खालच्या ओळीत मराठीत लिहिता येते की पाय व पाठीच्या तपासणीत आजार पसरल्याची खूण नाही. रुग्ण टेबलावरून उतरायच्या आत तेच तोंडानेही सांगते.

एका गोष्टीवर माझे मत अजून पक्के झालेले नाही. पाचर, वाकवलेली मान आणि कॉन्ट्रास्ट असा एमआरआय मिळणार असेल तर पाय आणि पाठ टोचायची गरज होती का, असे एका सहकाऱ्याने विचारले. मला वाटते होती. पण मुलाला किती दुखले ते मी पाहिले आहे, म्हणून हा प्रश्न मी मोडीत काढत नाही.

शेवटच्या भेटीत त्याने स्पीकर चालू ठेवायला सांगितला. एकच युनिट ऐकू येत होते. त्याने विचारले, “दुसरा माग कधी चालू होणार?” मी सांगितले की बंद पडलेला तो चालू होणार नाही. तो थोडा वेळ ऐकत राहिला. मग डावा हात पुढे केला आणि म्हणाला, “इकडचं लावा.”